चढ कितव्या गिअरवर

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. (नमस्कार वाकून केला आहे, पण राग गेलेला नाही.)

तर फुकटचं ते वाईटच, हे तुला शिकवलं कोणी? भिंगरीला चकाकणारं काहीही दाखवा, तो खिशात घालून घरी आणतो, असं तू मागच्या पत्रात लिहिलंस. लहानपणी एकदा शिंप्याच्या दुकानातलं लोहचुंबक उचललं म्हणून माणसाला जन्मभर ऐकवायचं नसतं. फोनवर भांडावं तर तू मधेच ठेवून देतेस आणि आबांना फोनवरचं ऐकू येत नाही, म्हणून लिहितोय. पत्र रागाने टाकून दिलंस तरी ते टेबलावर पडून तुझ्याकडे बघत राहील.

पुन्हा एकदा सांगतो, भांडायच्या आधी वाच. कॅमशाफ्ट म्हणजे उंचवटे असलेला एक लांब दांडा. तो फिरला की उंचवटा टॅपेट नावाच्या दट्ट्याला ढकलतो, टॅपेटच्या जोरावर व्हॉल्व्ह उघडतो आणि इंजिन श्वास घेतं. आबांनी झाकण काढून पाहिलं तेव्हा एक व्हॉल्व्ह निम्माच उघडत होता ना? त्याचा उंचवटा झिजून सपाट झालाय. नवा दांडा हवा, इथपर्यंत आपलं तिघांचं एकमत आहे. कुठला, यावर घोडं अडलंय.

आमच्या वर्कशॉपात शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं येतात. त्यातल्या एकाचा कॅमशाफ्ट मालकाला आणखी मोठा हवा म्हणून काढला, तो रॅकवर पडून आहे. इंजिन आपल्याच ट्रकच्या जातीचं. उंचवटे असे की हात फिरवावासा वाटतो. आमचे उस्ताद, म्हणजे वर्कशॉपचे मुख्य कारागीर, म्हणाले, हवा तर घेऊन जा. ओझ्याच्या गाडीचा नवा दांडा घ्यायला गेलं तर माझा महिन्याचा पगार जाऊन वर उसने मागावे लागतील. मग फुकटचा का नको?

उस्तादांची एकच अट आहे. ते म्हणतात, कॅमशाफ्ट दुकानात निवडायचा नसतो, रस्त्यावर निवडायचा असतो. म्हणून त्यांनी विचारलंय की ओझं किती भरता, चढ कितव्या गिअरवर घेता आणि मधे थांबावं लागतं का. तेवढं कळव.

तुझा लोभ कमी झाला असेल तर भर घालून पाठव, टपालखर्च मी देईन.

तुझा,
भिंगरी


११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. (फुकटचे आहेत, तरी घे.)

तुला चुंबक आठवलं, ते परत करायला मी गेले होते हे नाही आठवलं. असो. तुझ्या दांड्यावर माझा राग नाही. शर्यतीच्या गाडीतलं काही आपल्या ट्रकला घालायचं म्हणजे पहिलवानाला भरतकामाची सुई द्यायची, असं वाटतं एवढंच.

इकडे सगळं ठीक. आबांचा एक डोळा अजून धूसरच आहे, त्यामुळे स्टिअरिंग माझ्याच हातात. खाणीवरून वरच्या टेकडीवर बांधकामाला खडी नेते. मुकादमाने सांगून ठेवलंय की एप्रिलपासून जे ट्रक मागच्यांना न अडवता चढतील तेवढेच ठेवणार. बाकीच्यांचे ट्रक नवे आहेत. आपला तू ओळखतोसच.

गेल्या आठवड्यात भंगारवाला येऊन गेला. ट्रकभोवती फिरला, मडगार्डवर टिचकी मारली. आबांनी त्याला बसही म्हटलं नाही. पण तो गेल्यावर हळूच मला विचारलं की लोखंडाचा भाव काय चाललाय. काम गेलं की ट्रक गेला, आणि ट्रक गेला की मी पुन्हा कापडाच्या दुकानात घड्या घालायला. भिंगऱ्या, मला तिथे परत जायचं नाही. तिथे माझं काही वाईट नव्हतं, पण दिवस संपला की काही केल्यासारखं वाटत नसे.

म्हणून उंचवटे दिसायला कसे आहेत ते मला सांगू नकोस. भरलेला ट्रक चढावर थांबला तर पुन्हा निघाला पाहिजे. माझं मागणं एवढंच.

तुझ्या उस्तादांचे प्रश्न आबांना वाचून दाखवले. इतके खूश झाले की उत्तर मीच लिहिणार म्हणाले. चष्मा पुसून बसले आहेत. मधे बोलायची सोय नाही.

जेवत जा. लोभ तुझ्याच खात्यावर जमा आहे.

तुझी ताई


१३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

एका डोळ्याने लिहितो आहे, ओळी वर चढत गेल्या तर समजून घे.

तुझ्या उस्तादांना माझा नमस्कार सांग. कामाचा माणूस दिसतो. प्रश्न नेमके विचारले आहेत. ओझे पूर्ण भरतो. चढ तिसऱ्या गिअरवर घेतो. मधे थांबत नाही.

तुझी ताई गाडी माझ्यासारखीच हाकते. रोज संध्याकाळी ती आली की मी विचारतो आणि रोज ती तिसराच सांगते. मला हे ऐन उमेदीत जमत होते. तिला झिजलेल्या कॅमवर जमते आहे. नवा बसल्यावर काय करील याचा विचार कर. भंगारवाला परत आला तर त्याला चढावर घेऊन जाणार आहे, पायी.

खर्च वाढवू नकोस. टॅपेट आहेत तेच घालू, त्यांना काही झालेले नाही.

तू चंचल आहेस, पण हात चांगला आहे. एका जागी टिकलास तर मोठा कारागीर होशील. हे पत्र ठेवायचे असेल तर ठेव, नाहीतर वाचून झाल्यावर हात पूस.

तुझे आबा


२० फेब्रुवारी

ती. ताईस,
विजयी माणसाचा सा. न.

जिंकलो! तुझ्या पहिलवानाला सुई चालणार आहे.

आधी उस्ताद शर्यतीचा दांडा द्यायला का कू करत होते. त्यांचं म्हणणं असं की धावणाऱ्याला तोंड उघडं ठेवून श्वास घ्यावा लागतो, पण ओझं घेऊन चढणाऱ्याने तोंड मिटून दम धरायचा असतो. शर्यतीचा कॅम व्हॉल्व्ह फार वेळ उघडे ठेवतो. इंजिन जोरात फिरत असेल तर ते बरंच, पण मंद चालत असेल तर घेतलेला श्वास तसाच बाहेर पडतो आणि ओढच राहत नाही.

मग मी आबांचं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी कान खाजवला. ट्रक किती जुना ते विचारलं. मग म्हणाले, भरलेला ट्रक तिसऱ्यावर न थांबता चढत असेल तर इंजिन चांगलंच फिरतंय, मोठा कॅम अगदीच मूर्खपणा ठरणार नाही. अगदीच मूर्खपणा नाही, ही उस्तादांच्या तोंडची शाबासकी आहे. आमच्यातल्या एकाला ती अजून मिळायची आहे.

दांडा तेलकट कागदात गुंडाळून ठेवलाय. रविवारी पार्सलच्या गाडीने निघेल.

आणि ताई, तू चढ तिसऱ्यावर काढतेस? आणि एका शब्दाने बोलली नाहीस? मी इथे सगळ्यांना सांगितलं. मला वाटायचं तू कशीबशी ओढतेयस. मीच कच्चा निघालो.

आबांना नमस्कार. माझ्यावरचा लोभ या महिन्यात निदान दुप्पट व्हावा.

भिंगरी


२५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

आधी काम. दांडा निघाला असेल तर वाटेतून परत बोलाव. मग पुढचं वाच.

आबांनी खोटं लिहिलेलं नाही. मी सांगते तेच त्यांनी लिहिलं. खोटं माझं आहे. स्टिअरिंग हातात घेतलं त्या पहिल्याच संध्याकाळी ते दारात उभे होते, बोनेटवर हात ठेवून इंजिन किती तापलंय ते पाहत. त्यांनी विचारलं, चढ कितव्या गिअरवर घेतलास. मी दमले होते. तिसरा म्हणून मोकळी झाले. त्यांचा चेहरा असा उजळला की दुसऱ्या दिवशी खरं सांगायला जीभ उचलेना. मग तीच रीत पडली. ते विचारतात, मी तिसरा सांगते, मग ते ताटावर बसतात.

खरं असं आहे की तिसरा मी सपाटीवर टाकते. चढ लागला की दुसरा, आणि पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर पहिला. इंजिन माणसाच्या चालीने चालतं. वरून रिकामे येणारे ट्रक आधी सोडावे लागतात, म्हणून त्या वळणावर प्रत्येक खेपेला थांबणं आलं. थांबले की हमाल उडी मारून चाकामागे ठोकळा लावतो. परवा निघताना ट्रक पुन्हा पुन्हा बंद पडला. मागचा ड्रायव्हर उतरून आला आणि म्हणाला की बाई, ट्रक चालवताय की ढकलताय. मी म्हटलं, दोन्ही, तुम्हीही हात लावा. तो हसला, पण मुकादम पाहत होता आणि तो हसला नाही.

तुझं शेवटचं पत्र आबांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी तुला भारी वाटले तो भाग दोनदा. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

तुझा तो दांडा बसला तर वळणावरून ट्रक निघणारच नाही, एवढं मलाही तुझ्याच पत्रावरून कळतंय. आबांना काही कळवू नकोस. उत्तर घरी पाठवू नकोस, खाणीवरच्या वजनकाटेवाल्याच्या नावे पाठव. भला माणूस आहे, उघडून वाचणार नाही. वाचलंच तर निदान बोलणार नाही.

रागावलास तर रागाव, पण लोभ तोडू नकोस.

ताई


२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दांडा पुढच्या डेपोत अडवला. मीच जाऊन घेऊन आलो. परत येताना तो मांडीवर होता आणि शेजारचा प्रवासी विचारत होता की बंदूक आहे का.

तू खोटं बोललीस असं मी म्हणणार नाही. मी दर पत्रात आबांना लिहितो की खोली हवेशीर आहे. खिडकी आहे, ती भिंतीवर उघडते. घरच्या माणसाला बरं वाटावं म्हणून आपण बोलतो, त्याला खोटं म्हणायला लागलो तर घरात बोलणंच बंद पडेल.

पण उस्तादांना सगळं सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. एक कापड घेऊन हात पुसत राहिले. मग म्हणाले, मायेने सांगितलेल्या गिअरवर कॅम बसत नाही. आता ते ना माझं ऐकून देणार ना तुझं. म्हणाले, ज्याने पहिलं उत्तर लिहिलं त्यानेच दुसरं लिहायचं. बहिणीला सांग, म्हाताऱ्याला शेजारच्या सीटवर बसवून एक भरलेली खेप करून ये.

मी खूप भांडलो. आबांना कसं वाटेल ते सांगितलं. ते म्हणाले, उद्या ट्रक वळणावर मागे सरकला तर कसं वाटेल ते आधी सांग.

ताई, मी काय मागतोय ते मला कळतंय. पण एप्रिल दारात आलाय. आबांना घेऊन जा. निघायच्या आधी सांग, वळणावर पोचून कळू देऊ नकोस.

तुझा लोभ मला हवाच आहे. त्यासाठी तुला तिसरा गिअर लागत नाही.

भिंगरी


९ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

परवा मी शेजारच्या सीटवर बसून चढ पाहून आलो. ताईने खाणीचे फाटक सुटायच्या आतच सगळे सांगून टाकले. भरलेल्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशी वाद घालू नये, हा माझाच नियम आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी या टेकडीवर खेपा करी तेव्हा ट्रकच्या फळ्या बुटक्या होत्या. आता उंच फळ्या लावून दीडपट खडी भरतात. पाण्याची टाकी तेव्हा नव्हती, त्यामुळे ते वळणही नव्हते, आणि समोरून कोणी उतरत नसे. मी रोज ज्या चढाबद्दल विचारत होतो तो चढ केव्हाच बुजला आहे. मुलगी रोज भलताच रस्ता चढून येत होती.

वळणावर थांबलो. तिने हँडब्रेक धरून क्लच अर्धा सोडला, ट्रकला पुढे झुकू दिले आणि मगच ब्रेक सोडला. दोनदा इंजिन बंद पडले, तो दोष इंजिनाचा. तिसऱ्यांदा निघालो तेव्हा चाक बोटभरही मागे आले नाही. मला हे कधी साधले नाही. अशा जागी मी क्लच जाळत असे आणि घरी येऊन क्लचच्या नावाने ओरडत असे.

ती रोज तिसरा सांगत होती याचा राग करावा की मी रोज विचारत होतो याचा, हे ठरेना. म्हणून कोणाचाच केला नाही.

उस्तादांना सांग, दुसरे उत्तर असे. ओझे दीडपट. चढ दुसऱ्यावर, वळणावर पहिल्यावर. प्रत्येक खेपेला थांबतो. इंजिन माणसाच्या चालीने चालते. मंद चालीत दम धरील असा दांडा पाठव. विकतचा असेल तर विकतचा. डोळ्याच्या ऑपरेशनला ठेवलेले पैसे आहेत, त्यातून घेऊ. एका डोळ्याला चढ पुरेसा दिसतो, हे पाहून आलो आहे.

तुझे आबा


१६ मार्च

ती. आबांस,
आज खरोखर साष्टांग नमस्कार.

उस्तादांनी तुमचं पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, आणि म्हणाले, आता हा माणूस कॅमशाफ्ट मागतोय.

दांडा ओझ्याच्या गाडीचा आहे. उंचवटे बुटके, दिसायला लाटण्याहून फार निराळा नाही. व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडेल आणि वेळेवर मिटेल. शर्यतीवाले पाहतील तर नाक मुरडतील. किंमत विचारू नका, उस्ताद माझ्या पगारातून थोडी थोडी कापणार आहेत. डोळ्याच्या पैशांना हात लावायचा नाही.

आता हात जोडून एक सांगतो. जुने टॅपेट घालू नका. टॅपेटचं तोंड जुन्या उंचवट्यावर झिजलेलं असतं. ते नव्या दांड्यावर ठेवलं तर आठवडाभरात त्यालाही आपल्यासारखं करून टाकतं. नवे टॅपेट दांड्याच्याच खोक्यात घालून पाठवतोय. सगळ्याला खोक्यातलं वंगण चोळून लावा. आणि इंजिन पहिल्यांदा सुरू झालं की मंद सोडायचं नाही. वीसेक मिनिटं वेग चढता ठेवायचा, म्हणजे दांडा आणि टॅपेट एकमेकांना ओळखून घेतात. ताईला शेजारी बसवू नका, ती आवाज ऐकून घाबरून बंद करेल.

उस्तादांचा तुम्हाला उलट नमस्कार. लोभ आहेच, तो असाच चढत राहो.

तुमचा भिंगरी


३० मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ., या वेळी भरपूर.

निघाला! काल वळणावर समोरून दोन ट्रक उतरत होते. मी थांबले. हमालाने सवयीने दार उघडलं आणि ठोकळा घेऊन एक पाय खाली टाकला. तेवढ्यात ट्रक पहिल्यावर असा शांतपणे निघाला की त्याला लटकतच यावं लागलं. वर पोचल्यावर मला म्हणाला, पुढच्या वेळी सांगून चढा. मुकादमाने पाहिलं. शाबास वगैरे काही नाही, वहीत एप्रिलचं आपलं नाव लिहिलं आणि पेन कानावर ठेवलं. मला तेवढं पुरलं.

वेग मात्र वाढलेला नाही. सपाटीवर सायकलवाले पुढे जातात. तुझ्या मित्रांना सांगू नकोस.

आबा आता रोज शेजारी बसतात. चढाबद्दल विचारायचं काही उरलं नाही, म्हणून माझ्या हॉर्न वाजवण्यावर बोलतात. मीही बोलते. घर पुन्हा घरासारखं झालंय.

एक गोष्ट तुला कळायला हवी. दांडा बसवताना रेडिएटर उतरवला तर तो खालून कुजलेला निघाला. नवा घ्यावा लागला, शिवाय पॅकिंग, तेल, मेकॅनिकची मजुरी. आबांनी सगळं परस्पर भागवलं आणि मला म्हणाले की जुनं काही शिल्लक होतं. काल दवाखान्यातून फोन आला, तो मी उचलला. त्यांनी ऑपरेशनची तारीख सोडून दिली आहे. विचारलं तर म्हणतात, आता ड्रायव्हर चांगली आहे, दिसलं काय नि न दिसलं काय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की फार लांबवू नका, नंतर डोळा हाती लागणार नाही. एप्रिलच्या कमाईतून मी जमवीन, पण त्याला वेळ लागेल.

तुझ्याकडे मागत नाही, नुसतं सांगते. आता घरात कोणी कोणाला बरं वाटेल असं सांगायचं नाही, असं ठरवलंय.

तुझी ताई


७ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यावर उस्तादांना वाचून दाखवलं. हमाल लटकत आला तिथे ते इतके हसले की पाना हातातून पडला. वेग वाढला नाही हे ऐकून म्हणाले, मग बरोबर बसलाय.

तुम्ही ठरवलंत तसं मीही खरं लिहितो. बंदरावर जहाजांची इंजिनं उघडतात तिथे मला बोलावलं होतं. एकेक पिस्टन आपल्या हौदाएवढा. जायचं भाडं आणि खोलीची अनामत साठवून ठेवली होती. मे महिन्यात जाणार होतो. तुम्हाला सांगितलं नव्हतं, कारण आबा म्हणाले असते की पुन्हा फिरला भोवरा. चार दिवसांपूर्वी तिथल्या फोरमनला कळवलं की या वर्षी येत नाही. तो म्हणाला, जहाजं काही पळून जात नाहीत. वाईट वाटलं. दोन दिवस डबा तसाच परत नेला. तिसऱ्या दिवशी भूक लागली.

आबांना दवाखान्यात तूच घेऊन जा, त्यांच्यावर सोडलंस तर ते वाटेत टायर घेऊन येतील. चढ दोन्ही डोळ्यांनी पाहतील तेव्हा तुझ्या हॉर्नवर आणखी बोलतील, त्याची तयारी ठेव. आणि तू परत करायचं म्हणशील तर मी पत्र लिहिणंच बंद करीन. खोली हवेशीर नाही, पण माझं बरं चाललंय, हे मात्र खरं आहे.

मी आहे तिथेच आहे, लोभही तिथेच पाठवत जा.

तुझा,
भिंगरी

ता. क. डॉक्टरीणबाईंकडून तारीख आधी घे, मग आबांना सांग. सोबत अकरा हजार चारशे पाठवतो आहे.